चौदावी पायरी

दसरा झाला की आमची आई-बापं कारखान्याला जायची
आणि आम्ही हंगामी वसतिगृहात: अकरा पोरी,
एक वार्डनबाई, एक कुलूप.
त्या वर्षी परतीच्या पावसानं सिंदफणा फुगली.
बाई गॅसची टाकी आणायला गेवराईला गेल्या होत्या.
त्यांच्यामागं पूल गेला.

आम्ही गच्चीवर. सोबत
मुरमुऱ्यांचं अर्धं पोतं, गुळाची एक ढेप,
बिस्किटांचे सतरा पुडे, आणि खडू.
खडू आम्रपालीचा. ती जिन्यात रेघ मारायची:
नववी पायरी,
रात्री अकरावी,
पहाटे बारावी.
दर रेघेपुढं वेळ लिहायची,
जशी कुणी वही तपासणार होतं.

दुसऱ्या रात्री अयोध्याच्या अंगात आलं.
केस सुटले, दात वाजले, तिच्या तोंडून
कुणी जाड आवाजाची बाई बोलली,
"म्या हाय इथं. कुणी भ्यायचं न्हाई."
आणि खरं सांगते, भ्यालो नाही.
रडणाऱ्या थांबल्या. शिवकन्यानं ओढणी पसरली,
कुणी गुळाचा खडा ठेवला पुढ्यात.
काडी पेटेना, तर बॅटरीनंच ओवाळलं,
सेल संपेपर्यंत.

आम्रपाली म्हणाली, "इचार की तुझ्या देवीला,
पाणी कितव्या पायरीला थांबंल?"
देवीनं डोळे फिरवले.
"हिचा इटाळ हाय. म्हणून चढायलंय पाणी."
तिची तारीख सगळ्यांना ठाऊक;
एकाच दोरीवर वाळत घालायचो आम्ही सगळं.
तिला कठड्याच्या कोपऱ्यात बसवलं.
पोतं आमच्याकडं, पुडे आमच्याकडं.
मी पण सरकले,
आभाळ आम्हा सगळ्यांवर सारखंच गळत असताना
तिच्यापासून दोन हातांवर
कोरडी जागा सापडल्यासारखी.

आता पुढचं. हे मी कुणाला बोलले नाही.
तिसऱ्या रात्री लघवीला उठले, तर
देवी कोपऱ्यात वाकलेली.
स्वतःच्या आवाजात, नाकातल्या, चौदा वर्षांच्या:
"आम्रे, मला पण आली. फडकं हाय का?"
आम्रपालीनं ओढणी दातात धरून फाडली.
त्या फाटण्याच्या आवाजानं कुणी जागं कसं झालं नाही,
अजून कळत नाही.
मग ती जिन्यात गेली रेघ मारायला. तेरावी.

ती गप्प राहिली.
मी नाही.

माझी बहीण मनकर्णा नऊ वर्षांची. ताप. ओठ फुटलेले.
उजाडायच्या आत मी देवीच्या कानाशी गेले.
"मला दिसलंय सगळं.
सकाळी देवी म्हणू दे, धाकलीला दोन पुडे."
सकाळी देवी म्हणाली.
दुपारी म्हणाली, कोपऱ्यातलीला पण द्या.
हे मी सांगितलं नव्हतं.
की सांगितलं होतं?
इतक्या वर्षांत ते वाक्य मी
कधी तिच्या तोंडी घालून पाहते, कधी माझ्या.

चौदावीला पाणी थांबलं. सोळावीला गच्ची होती.
नाव आली. भोई विचारायला लागला,
"कशा जगलाव गं लेकरांनो?"
नऊ बोटं अयोध्याकडं गेली, माझं धरून.
आम्रपाली खिशात काहीतरी चाचपत होती,
खडू बहुतेक विरघळला होता.

अयोध्याला आष्टीकडं दिली.
मंगळवारी तिच्या दारात चपलांचा ढीग.
मनकर्णा नेमानं जाते. म्हणते, मला तिनंच वाचवलं.
मी एकदाच गेले, रांगेतून.
कपाळावर कुंकू लावताना
अंगठा जरा जास्तच वेळ दाबून ठेवला तिनं
आणि विचारलं, नाकातल्या आवाजात,
"आम्री कुठं असती गं आता?"
"माहीत नाही," म्हटलं.
"मला माहिताय," ती म्हणाली,
तेवढ्यात मागची बाई
मला ढकलून पुढं आली.